मधलं नाव

पातेल्यावरची ताटली खडखडली, आणि खोलीत तेवढाच आवाज झाला.

चौदा बायका गप्प बसल्या होत्या. मधोमध पाटावर माझा फोन उताणा ठेवलेला, आणि फोनमधून माझाच आवाज नुकताच विचारून गेलेला, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

घर शोभाचं होतं, चहाही तिनंच टाकलेला. तो उतू जाऊन स्टोव्हवर चर्र झालं तरी ती जागची हलली नाही. दहा सेकंद गेली आणि फोनमधली मी पुन्हा म्हणाले, "आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा सांगा."

"आता गं बया!" कोपऱ्यातली एकजण पदरात तोंड खुपसून हसली.

"लाजू नका हो," मी म्हणाले. "मशीनला काय लाजायचं?"

"मशीनला कोन लाजतंय?" शोभा म्हणाली, आणि मग कुठे चहाकडे धावली.

नऊ वर्षं झाली त्याला. इचलकरंजीत, यंत्रमागांच्या एका गल्लीत. मी चोवीस वर्षांची होते आणि मला वाटायचं की बायकांना नवीन गोष्टीची भीती वाटते. त्यापलीकडे त्यांच्या गप्प बसण्याला काही कारण असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

हेमलताताई दाराशी सुताच्या कांड्यांच्या पोत्याला टेकून बसल्या होत्या. आमच्या कंपनीच्या त्या प्रमुख. सांगलीत एका बँकेत सव्वीस वर्षं काढलेली बाई. कारकून म्हणून लागल्या आणि मॅनेजर होऊन बाहेर पडल्या. नोकरीत असतानाच दर रविवारी एका देवळाच्या ओवरीत बसून बायकांना बँकेचे कागद वाचून दाखवायच्या. फुकट. बायका त्याला 'रविवारची खिडकी' म्हणायच्या. त्या खिडकीतूनच पुढे 'पुरचुंडी' निघालं. बचत गटांसाठी, बोलणारं ॲप. ज्या बाईला वाचता येत नाही तिनं फोनला आपलं नाव सांगायचं. फोन तिचा आवाज ओळखणार, कुलूप उघडणार, आणि तिची शिल्लक तिच्या कानात सांगणार. मधे कोणी नाही. मुलगा नाही, पुतण्या नाही, बँकेतला शिपाई नाही.

ॲपचा आवाज माझा होता, कारण आवाज देणारी कलाकार आम्हाला परवडत नव्हती. ऑफिसातल्या कपाटात गोधड्या टांगून, आत उभी राहून घामाघूम होत मी त्याची वाक्यं, आणि कुठलंही नाव जुळवता यावं म्हणून सुटी अक्षरं, बोलले होते. आणि 'तुमचं पूर्ण नाव सांगा' हे वाक्य मीच लिहिलं होतं.

त्या दिवसाचं गणित साधं होतं. एका मोठ्या बँकेची दुसऱ्या दिवशी बैठक होती. या एका गटाचे सगळे आवाज नोंदवून संध्याकाळपर्यंत पाठवले की बँक आम्हाला दोनशे गट देणार होती. नाही पाठवले तर आमच्याकडे पुढच्या दोन महिन्यांचे पगार होते, बस. शिवाय वेळ पाचपर्यंतच. त्या गल्लीत माग चालू असताना शेजारी बसलेल्याशीही ओरडून बोलावं लागतं. आठवड्यातून एकदा दिवसभर लाईट जायची, माग थांबायचे, तोच दिवस आम्ही मुद्दाम धरला होता. पाचला लाईट आली की खटखट सुरू, आणि मग फोनला कोणाचाच आवाज कळणार नव्हता.

तीन वाजून गेले होते.

"शलाका," हेमलताताई दाराशी बसूनच म्हणाल्या, "अगं, मधलं नाव."

"काय मधलं नाव?"

"पूर्ण नाव म्हणजे नवऱ्याचं नाव आलं ना मधे. चारचौघांत कसं घेतील त्या?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. बायका आता मोकळेपणानं हसायला लागल्या होत्या.

"सरकारी हापिसात कसं करता मग?" ताईंनी विचारलं.

"शेजारणीला सांगायला लावतो की," शोभा चहाचे कप मांडत म्हणाली. "मी हिच्या नवऱ्याचं सांगतो, ही माझ्या. साहेब लिवून घेतो."

"इथं ते चालायचं नाही. आवाज तुमचाच लागतो."

"मग उखाना घेऊ व्हय?"

आणि तिनं घेतलाच. डोक्यावरून पदर ओढला, फोनकडे न बघता खुंटीवरच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "मागावर ताणा, ताण्यावर रंग, दिनकररावांचं नाव ऐकून फोन झाला दंग!"

फोन म्हणाला, "नाव फार लांब आहे. कृपया थोडक्यात सांगा."

"थोडक्यात म्हंजे?" कोपऱ्यातली ओरडली. "दिनकरला कापून आखूड करायचा का काय?"

त्यानंतर मात्र बांध फुटला. एकीनं हात तोंडापुढे धरून नाव घेतलं, ते फोनला कळलं नाही. मग हात काढून घेतलं. एकीनं डोळे मिटून घेतलं. एकीनं नाव घेतलं आणि बाहेर जाऊन चूळ भरून आली. एक नवीन लग्न झालेली पोरगी सरळ खणखणीत नाव घेऊन मोकळी झाली, तेव्हा बाकीच्यांनी "वा गं वाघिणी" म्हणून तिच्या पाठीत धपाटा घातला. मी घड्याळ बघत होते. नऊ. अकरा. साडेचार वाजले. तेरा.

राहिल्या हौसाक्का.

खरं तर हा गट त्यांनीच जमवलेला. साठीच्या पुढच्या, उंच, हाडकुळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पहिल्या बैठकीत त्याच म्हणाल्या होत्या, "माजी शिल्लक मला पुतन्याच्या तोंडून ऐकावी लागती. त्यो सांगंल ते खरं. मला माज्या कानानं ऐकायची हाय." त्यांच्या शब्दाखातर बाकीच्या आल्या होत्या. आणि सकाळपासून पहिल्या ओळीत बसलेल्या हौसाक्का, एकेकीनं नाव घेतलं तशा, मागे मागे सरकत भिंतीला लागल्या होत्या.

"आक्का, तुमचीच पाळी राहिली," मी फोन त्यांच्यापुढे नेला. "आता लाजायचं नाही हं."

"लाजायला मी काय नवी नवरी हाय?"

"मग घ्या की."

"न्हाई."

"एकदाच घ्यायचं. फक्त नाव."

"एकदाच कसं? रोज कुलूप उघडायला रोज घ्याला लागंल न्हवं?"

"हो, पण…"

"मग न्हाई घेत."

मी शोभाकडे बघितलं. ती मान खाली घालून कपांवर कप चढवत होती. तेव्हा मला कळायला हवं होतं. पण मी हातावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आक्का, या सगळ्यांनी घेतलं. तुमच्या एकटीमुळे अडलंय."

हौसाक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. शाळेत उशिरा आलेल्या पोरीकडे बघावं तसं.

"बावीस वरसं झाली, पोरी," त्या म्हणाल्या. "भिवंडीला मागावर जातो म्हणून गेला. तिथं दुसरी केली. दोन पोरं हायत, मोठी झाली. ह्ये कुंकू मी माज्यासाठी लावतो, त्येच्यासाठी न्हाई. लाज न्हाई मला त्या नावाची. पर जो मानूस माज्या उंबऱ्यात पाय ठेवत न्हाई, त्येचं नाव घेऊन मी माजं कुलूप उघडू व्हय? रोज?"



शोभाच पुढे झाली. "मी घेतो की त्यांच्या जागी. मला येतंय नाव. कुनाला कळतंय?"

"मग माजी शिल्लक बी तूच ऐक," हौसाक्का म्हणाल्या.

पावणेपाच झाले होते. आणि मी, हे लिहिताना अजून हात थांबतो, मी म्हणाले, "ताई, आज शोभाताईंचा आवाज घालू या का? वेळ निघून जाईल. नंतर बदलता येईल."

"नंतर म्हणजे कधी, शलाका?" हेमलताताईंनी विचारलं.



त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. बाहेर जाऊन त्यांनी बँकेतल्या साहेबांना फोन लावला. माग बंद असलेल्या गल्लीत प्रत्येक शब्द आत येत होता.

"साहेब, नाव कागदाशी जुळायला हवं हे मान्य. कागद आम्ही तपासूच. पण कुलपाला बाईनं स्वतः निवडलेलं नाव राहू द्या… नाही, एकच आहे… तेरा झालेत… वगळू?"

हौसाक्काच मोठ्यानं म्हणाल्या, "अवो बाई! वगळा की मला. या पोरींचं कशाला अडवून धरता? मी आपली पुतन्याला इचारतो, हाय तसं."

ताई दारात आल्या. फोन कानालाच होता.

"आक्का, तुम्हाला वगळून करायचं असतं तर मी बँकेतच राहिले असते. तिथं खुर्ची बरी होती."

आणि फोनमध्ये म्हणाल्या, "नाही साहेब. तेरा पाठवत नाही. जो प्रश्न मला चौदावीला विचारता येत नाही तो मी दोनशे गटांत नेणार नाही. हो. कळतंय मला काय होईल ते. बरं. नमस्कार."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. दोनशे गट गेले होते. मी मनातल्या मनात उरलेले पगार मोजायला लागले. त्या मात्र चप्पल काढून आत आल्या आणि बायकांना म्हणाल्या, "बायांनो, आज काही हे होत नाही. तुमचा दिवस फुकट घेतला. माफ करा."

"दिवस कुठला, लाईटच न्हवती," शोभा म्हणाली.

मला वाटलं आता निघायचं. मी फोन उचलायला वाकले. ताईंनी माझा हात धरला आणि पाटाशी, हौसाक्कांच्या समोर, मांडी घालून बसल्या.

"बँकेला नको तर नको, आक्का. मला ऐकायचंय. तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते?"

"मला?" हौसाक्का गडबडल्या. "आक्का म्हनत्यात की सगळी."

"म्हणतात ते नाही. आवडतं ते."

हौसाक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बाहेर कोणीतरी मागाच्या शेडचं शटर वर करत होतं. लाईट यायची वेळ झाली होती.

"आमच्या गल्लीत तिघी हौसा हुत्या," त्या शेवटी म्हणाल्या. "एक गवळ्याची, एक मास्तराची. माजा बाप लवकर गेला. आई सूत कातायची, तिला समदी वळखायची. चंपा म्हनायचे तिला. मला म्हनायचे…"

ताईंनी माझ्याकडे न बघता बोटानं खूण केली. मी फोनवर बोट टेकवलं.

फोनमधून माझा आवाज म्हणाला, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

हौसाक्का फोनकडे वाकल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर ओढला नाही, तोंडापुढे हात धरला नाही.

"हौसा चंपाची."

"नाव मिळालं," फोन म्हणाला. "धन्यवाद, हौसा चंपाची."

शोभाच्या हातातला कप बशीत वाजला. हौसाक्का फोनकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुन्यांदा म्हनायला लाव गं तिला."

मी बटण दाबलं, आणि त्याच क्षणी गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. खटखट, खटखट, जमीन हादरायला लागली. फोन काय बोलला ते कोणालाच ऐकू आलं नाही. हौसाक्कांनी फोन उचलून कानाला घट्ट लावला होता.

परतताना ताई गाडी चालवत होत्या. कराड मागे पडलं. मग मी सांगून टाकलं. ते वाक्य मी आमच्या ऑफिसातल्या कमलमावशींकडून तपासून घेतलं होतं. त्या केर काढत होत्या. मी रेकॉर्डिंग लावून म्हटलं, मावशी, पूर्ण नाव सांगा. त्या म्हणाल्या, 'कमल जाधव.' मी दुसऱ्यांदा विचारलं, तरी 'कमल जाधव.' मला वाटलं, घाईत राहिलं असेल. मी कागदावर बरोबरची खूण केली होती.

"माहितीये मला," ताई म्हणाल्या. "ते रेकॉर्डिंग मी ऐकलं होतं. दोनदा."

"मग तुम्ही…"

"मलाही वाटलं, घाईत राहिलं असेल." त्यांनी समोरच्या ट्रकला हॉर्न दिला. "मी त्या देवळात दर रविवारी बसायचे ना, तेव्हा मी स्वतः दुसरीच्या नवऱ्याचं नाव पहिलीला विचारून लिहून घ्यायचे. अकरा वर्षं. आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही."

थोड्या वेळानं मी विचारलं, "ताई, तुमचं मधलं नाव काय?"

"दोन वर्षं झाली तुला माझ्याकडे, आणि आत्ता विचारतेस?" त्या हसल्या. नाव काही सांगितलं नाही. "उद्या सकाळी कपाटात गोधड्या टांग. ते वाक्य नव्यानं बोलायचं."

दुसऱ्या दिवशी मी ते बोलले. 'तुमचं नाव सांगा. ज्या नावानं हाक मारलेली तुम्हाला आवडते, ते.'

पुढचं फार सोपं नव्हतं. बँक गेली. सात महिने आम्ही अर्ध्या पगारावर काढले, तिघं सोडून गेले. ताईंनी सांगलीचा प्लॉट विकला होता हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या बहिणीकडून. मग एका महिला पतसंस्थेनं आम्हाला जवळ केलं, मग दुसरीनं. आता 'पुरचुंडी' किती गटांत आहे ते मला विचारून कळणार नाही. मी तिथे नसते. रेवा झाली, तिला दम्याचा त्रास निघाला, आणि 'वर्षभर थांबते' म्हणता म्हणता तीन वर्षं झाली.

परवा जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. ताई या महिन्यात अध्यक्षपद सोडतायत, गौरवअंक काढायचाय, त्यांच्या सगळ्यांत मोठ्या यशाबद्दल दोन पानं दे. मी हो म्हटलं, आणि रेवा झोपली की जेवणाच्या टेबलावर ही पानं लिहीत बसले. दोनाची कधीच जास्त झाली. शिवाय त्यांना यश हवंय, आणि मला आठवतो तो दिवस सगळं हातातून गेल्याचा. अंकात घेतील की नाही कोण जाणे.

ते वाक्य मी नेमकं कसं बोलले होते ते ऐकावं म्हणून काल खालच्या कप्प्यातून तो जुना फोन शोधून चार्जिंगला लावला. काच तडकलीये, सिमकार्ड नाही, पण ॲप आहे. सरावाचा भाग अजून चालतो. माझा चोवीस वर्षांचा आवाज. गोधड्यांमुळे जरा दबलेला, आणि केवढा खात्रीचा!

आत्ता तोच आवाज आतल्या खोलीतून येतोय. रेवा जागी झालेली दिसते.

"तुमचं नाव सांगा. ज्या नावानं हाक मारलेली तुम्हाला आवडते, ते."

"चिमणी!" रेवा ओरडते.

"नाव मिळालं. धन्यवाद, चिमणी."

खिदळणं. मग "रेवाराणी." मग "डायनासोर." प्रत्येक वेळी धन्यवाद. मग पायांची धडधड, आणि ती माझ्या कोपराशी येऊन उभी राहते. केस उशीवर चोळून उभे राहिलेले, फोन दोन्ही हातांत धरलेला.

"आई, यातली बाई तुझ्यासारखी बोलते."

"हो का?"

"आता तू सांग."

ती फोन माझ्या तोंडाशी धरते. माझ्याच आवाजात प्रश्न येतो. मी तोंड उघडते. शाळेच्या ग्रुपवर मी रेवा मम्मा आहे, सासूबाई सूनबाई म्हणतात, खालचे काका चारशे दोनच्या वहिनी, तिचा बाबा नुसतंच 'अगं'. यातलं एकेक जिभेवर येतं आणि मागे फिरतं. स्वयंपाकघरात नळ ठिबकतोय. दहा सेकंद फार मोठी असतात हे मला कपाटात उभं राहून कळलं नव्हतं.

"आवाज ऐकू आला नाही," फोनमधली मुलगी म्हणते. "कृपया पुन्हा सांगा."

रेवा फोन आणखी जवळ आणते, वाकून माझ्या तोंडाकडे बघते.

"आई, सांग ना. तुला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते?"